बर्गरचा तळ का भिजतो : राजारामपुरीतल्या नोंदी

२८ जून २०२५, शनिवार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीतलं छोटं बर्गरचं दुकान. बसायला आठ-दहा जागा, एक सपाट तवा, एक विजेवरचा फ्रायर. दोघांत मिळून तीन नग घेतले : चिकन क्रिस्पी दोन, बटाट्याची टिक्की एक. एक चिकन तिथंच, दुसरं पार्सल, टिक्की मधोमध कापून वाटून. सोबत एका ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, प्रोब थर्मामीटर आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून मागून आणलेला, जाडी मोजायचा व्हर्नियर. व्हर्नियरनं पाव मोजणं म्हणजे भाजीवाल्याकडं सोनाराचा काटा नेणं, पण जाडीचा वाद शेवटी त्यानंच मिटवला.

चवीबद्दल तक्रार नाही. चिकनला आतपर्यंत मीठ लागलेलं, वरचं आवरण कुरकुरीत, मधोमध ७९ अंश सेल्सिअस. घोळ खाली आहे. चौथ्या-पाचव्या घासाला खालचा बन बोटांना चिकटून सुटायला लागला. पार्सल पंधरा मिनिटांनी उघडलं तर खालचा बन चिंधीसारखा.

पार्सलचा नग बांधायच्या आधी सुटा करून तोलला : बन ६२ ग्रॅम, चिकन ७८, टोमॅटोच्या दोन चकत्या ३०, मेयोत कालवलेला कोबी २८, वरून पिळलेला सॉस १४, कांदा १२. एकूण २२४. बनाच्या वरच्या भागाची उंची ३७ मिमी, खालच्याची फक्त ९. म्हणजे ओलं सामान ७२ ग्रॅम आणि ते झेलायला खाली १५ ग्रॅमचा पातळ पापुद्रा. पार्सलमधला खालचा भाग सॉस खरवडून तोलला तेव्हा २१ भरला. सहा ग्रॅम पाणी त्यानं पिऊन टाकलं होतं.

बन भाजलेला होता, पण बाहेरून. चकाकी यावी म्हणून वरचा घुमट तव्यावर फिरवलेला, कापलेली बाजू कोरडीच्या कोरडी. नेमकी उलटी गोष्ट.

काम ठरलं : पाणी कुठून येतं, किती येतं आणि अडवायचं कुठं. मसाल्याचं नंतर बघू. कोल्हापुरात तिखट कमी पडेल याची धास्ती कुणाला नसते.

२९ जून, रविवार

पाण्याचा हिशेब, घरच्या काट्यावर.

टोमॅटो : ७ मिमीच्या दोन चकत्या टिश्यूवर दहा मिनिटं ठेवल्या. नुसत्या ठेवल्या तर २ ग्रॅम पाणी सुटलं, चिमूटभर मीठ भुरभुरून ५ ग्रॅम, बिया आणि बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकल्यावर जेमतेम १. गोल गावरान टोमॅटोला गर जास्त. लांबट, जाड सालीचा बर्गरला बरा, आंबटपणा कमी असला तरी.

कोबी : खरा गुन्हेगार हाच निघाला. ५० ग्रॅम बारीक कोबी २५ ग्रॅम मेयोत कालवून चाळणीवर ठेवला, दोन तासांनी खाली ९ ग्रॅम पांढुरकं पाणी. तोच कोबी आयत्या वेळी कालवून पाच मिनिटांत बघितला तर थेंब नाही. मेयोतलं मीठ, साखर आणि व्हिनेगर कोबीतलं पाणी ओढून घेतात, कोशिंबिरीला सुटतं तसंच. शिवाय पाणी मिसळलं की मेयो सैल होतो आणि बनाला तेलकट थर देऊन पाणी अडवायचं जे त्याचं काम, तेच बंद पडतं. सकाळी डबाभर कालवून ठेवला की संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला कोबीचं सार मिळणार.

वाफ : तळलेला चिकनचा तुकडा काचेच्या ताटलीवर दोन मिनिटं ठेवला, उचलला, खाली पाण्याचं कडं. जाळीवर ठेवला तर खालून कोरडा. फ्रायरमधून थेट बनावर ठेवायची घाई म्हणजे बनाला वाफारा देणं.

२ जुलै, बुधवार

बन. बेकरीतून आणलेल्या बनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो चहात बुडवायला केलेला असतो : हलका, जाळीदार, गोडसर. बर्गरला जाळी बारीक हवी आणि कवच मऊ पण चिवट.

बारा बनांचं माप : मैदा ५०० ग्रॅम, म्हशीचं दूध १५० (तापवून गार केलेलं), पाणी १६५, साखर ४०, लोणी ३५, मीठ ९, इन्स्टंट यीस्ट ६. म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, म्हणून लोणी पुस्तकी मापापेक्षा थोडं कमी धरलं.

यातला २५ ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम पाणी वेगळं काढून मंद आचेवर ढवळत शिजवायचं, पतंगाला लावायच्या खळीइतकं दाट होईपर्यंत. साधारण ६५ अंशांना मैद्यातला स्टार्च फुगून पाणी धरून बसतो. ही खळ पूर्ण गार करून मगच कणकेत घालायची, गरम घातली तर यीस्ट मरतं. उकळताना पाणी उडतं, म्हणून भांड्यासकट आधी-नंतर तोलून तेवढं पाणी परत घातलं. खळीमुळं बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि सॉस लगेच शोषत नाही.

मळणं : लोणी सोडून सगळं एकत्र करून आठ मिनिटं, मग लोणी घालून अजून आठ. कणीक ताणली की पडद्यासारखी पातळ व्हावी आणि फाटू नये. पहिल्यांदा दुप्पट फुगल्यावर ७५ ग्रॅमचे गोळे, तळव्यानं दाबून ८ सेंमी, पुन्हा फुगवणं, वरून दूध, १९० अंशांना १५ मिनिटं. आतलं तापमान ९२ ला गेलं की बाहेर. ७५ चा गोळा भाजून ६६ ग्रॅम भरतो.

पहिला घाणा फसला. दुसरं फुगवणं ४५ मिनिटं लिहिलेलं, तेवढंच दिलं. पावसाळ्यात स्वयंपाकघर २४ अंशांवर, तिथं ४५ मिनिटांत काही होत नाही. बन गच्च झाले आणि बाजूनं फाटले. दुसऱ्या घाण्याला घड्याळ बाजूला ठेवून बोटानं दाबून बघितलं : खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला पाहिजे. ७० मिनिटं लागली. खळगा लगेच भरला तर अजून वेळ द्यायचा, अजिबात भरलाच नाही तर उशीर झाला, भट्टीत बसणार.

या हवेत मैदा आधीच दमट असतो. पाण्यातलं १० ग्रॅम हाताशी राखून ठेवायचं आणि कणीक मागेल तर द्यायचं. भाजलेले बन कोमट असताना पिशवीत भरू नयेत. आत पाणी धरतं, वर सुरकुत्या पडतात आणि पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशी.

६ जुलै, रविवार

आषाढी. कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या दिंडीमुळं रस्ते भरलेले. भट्टी बंद, साबुदाणा चालू.

८ जुलै, मंगळवार

तवा. घरचा डोश्याचा तवा पातळ. गार पॅटी पडली की त्याचा जीव जातो, मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्या रसात शिजतं. उद्यमनगरातून १० मिमी जाडीची साध्या लोखंडाची प्लेट कापून आणली, ३५० बाय ३०० मिमी, वजन सव्वाआठ किलो. कडा ग्राइंडरनं मारून घेतल्या. शहरात वर्कशॉप असण्याचा हा फायदा : मागाल त्या मापाचा तवा, तोही भंगारातल्या तुकड्यातून.

नवीन प्लेटवर निळसर काळा पापुद्रा असतो, रोलिंगच्या वेळचा. त्याच्यावर तेल चढवलं तर पुढं तो सुटून पॅटीला चिकटतो. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी तारेच्या ब्रशनं घासला, लगेच पुसून गॅसवर कोरडा केला, नाहीतर अर्ध्या तासात तांबेरा चढतो. मग जवसाचं तेल, पण थेंबभरच. लावायचं आणि कोरड्या फडक्यानं असं पुसायचं की जणू चुकून लागलं होतं. धूर थांबेपर्यंत तापवायचं. असे पाच थर. जाड थर दिला की तो चिकट राहतो आणि पुढं पोपडे निघतात.

दोन शेगड्यांवर मध्यम आचेला पंधरा मिनिटांत प्लेट २२० अंशांवर येते. एक चकवा : तापमान दाखवणारी बंदूक चकचकीत लोखंडावर कमी दाखवते. तवा काळा झाल्यावरच तिचा आकडा धरायचा. तोवर पाण्याचा थेंब टाकून बघावा. नाचत पळाला तर तवा तयार.

११ जुलै, शुक्रवार

मटणाची पॅटी. दुकानाच्या पाटीवर मटण नाही. चिकनच्या तळणात तव्याचा कस लागत नाही, म्हणून हे आपल्या हौसेचं.

पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं मटण, पुढच्या फऱ्याचं. मागच्या मांडीत चरबी नाही, पॅटी भुशासारखी होते. लागते एकूण १८ ते २० टक्के चरबी, पण सगळी बकऱ्याचीच घातली तर दुसरी अडचण : ती लवकर गोठते आणि बर्गर कोमट झाला की टाळूला मेणासारखी चिकटते. गुर्द्याभोवतीची चरबी तर वासालाही उग्र. शेवटी ठरलं ते असं : मटण ८२ टक्के, बकऱ्याची चरबी १०, फ्रीजमध्ये दगड झालेलं लोणी किसून ८.

आता पाणी इथंही. आपल्याकडं खिमा धुवायची सवय. धुतलेल्या खिम्यात किती पाणी राहतं ते तोललं : अर्ध्या किलोवर, चाळणीत पंधरा मिनिटं निथळूनही, ४५ ग्रॅम. तेवढं पाणी तव्यावर उडेपर्यंत पॅटी करडी होऊन उकडते, तांबूस भाजत नाही, कारण पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर चढत नाही आणि भाजल्याचा वास यायला १४० च्या पुढं जावं लागतं. म्हणून मटण अख्खं असताना धुवायचं, फडक्यानं कोरडं करायचं, तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मग खिमा. मटणवाल्याला आधीच सांगायचं : मामा, यंत्र कोरडं करून घ्या, पाणी मारू नका. जाळी आधी ८ मिमी, मग ५. दोनच फेऱ्या. मटण गरम झालं की चरबी लोण्यासारखी माखते आणि पॅटीचा दाणा जातो.

मीठ आत मिसळायचं नाही. मिसळून अर्धा तास ठेवलेली पॅटी कबाबासारखी घट्ट, रबरी झाली, कारण मीठ मांसातली प्रथिनं सोडवून एकमेकांना चिकटवतं. कबाबाला ते हवं असतं, इथं नको. तव्यावर टाकताना वरून दोन्ही अंगांना मिळून १ टक्का.

मित्राचा हट्ट होता कांदा-लसूण मसाला खिम्यातच घालायचा. एकदा करून बघितलं. एक, मसाल्यातच मीठ असतं, त्यामुळं वरचाच प्रकार झाला. दोन, २२० अंशांच्या तव्यावर लसूण आणि मिरची अर्ध्या मिनिटात करपून कडू. वाद मिटला, मसाला सॉसमध्ये गेला.

कृती : ६० ग्रॅमचे दोन सैल गोळे, एका बर्गरला. तव्यावर ठेवल्या ठेवल्या वर बटर पेपर आणि सपाट लोखंडी वजन, दहा सेकंद जोरात दाब. पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबायचं, नंतर दाबलं तर रस बाहेर. बनापेक्षा दोन सेंमी मोठं पसरवायचं, आकसून बरोबर येतं. दीड मिनिटानं खरवडून उलटायचं. त्यासाठी साधं उलथणं चालत नाही, करपलेला थर तव्यालाच राहतो. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पत्र्याची पट्टी नवीकोरी आणून कडक पाण्यात उकळून घेतली, तिच्यासारखं दुसरं काही नाही. उलटल्यावर लगेच चीज स्लाइस, अजून एक मिनिट, आत ७१ अंश.

चीज स्लाइसच का, किसलेलं का नाही, हाही प्रश्न निघाला. स्लाइसमध्ये इमल्सिफायर क्षार असतात, त्यामुळं वितळताना तेल आणि प्रथिन वेगळं होत नाही. साधं चीज त्या आचेवर तेल सोडतं आणि ते तेल कुठं जातं? खालच्या बनात.

१३ जुलै, रविवार

सॉस. १०० ग्रॅम बिनअंड्याचा मेयो, १२ ग्रॅम कांदा-लसूण मसाला, १५ मिली शेंगतेल, ४ ग्रॅम गूळ किसून, लिंबाचा रस चमचाभर.

मसाला तसाच मेयोत टाकला तर दातांत कचकच आणि कच्चा वास. तेल बेतानं गरम करून त्यात मसाला घालायचा, वीस सेकंद, फेस आला की खाली उतरवायचं. पहिल्यांदा गरमच मेयोत ओतलं, मेयो फुटला : तेल वर, दही खाली. पूर्ण गार झाल्यावर एकेक चमचा घालून घुसळलं तर नीट बसलं. फुटलेला परत बांधता येतो. वेगळ्या भांड्यात दोन चमचे चांगला मेयो घ्यायचा आणि फुटलेला त्यात थोडाथोडा ओतत राहायचं.

तिखटाचा अंदाज त्याच दिवशी घेऊ नये. तिखटपणा तेलात उतरतो, रात्रभरात तो आणखी पसरतो. संध्याकाळी बेताचा वाटलेला सॉस सकाळी नाद करायचा नाही असा झाला. १५ ग्रॅमवरून १२ वर आलो ते यामुळं.

बाजूला वाटीभर तांबडा रस्सा देऊन बर्गर बुडवून खायचीही टूम निघाली. चवीला लई भारी, खोटं कशाला बोला. पण ते वेगळं खाणं झालं. मिसळीबरोबरचा ब्रेड कटात भिजावा म्हणूनच दिलेला असतो आणि तो बशीत बसून खायचा असतो. हातात धरून खायच्या वस्तूला ते परवडत नाही. वाटी रद्द.

१७ जुलै, गुरुवार

थर आणि पार्सल. मांसाहार नको म्हणून चाचणी उकडलेल्या बटाट्याच्या साध्या टिक्कीवर, सगळीकडं तीच, म्हणजे फरक फक्त रचनेचा.

बन कापताना खालचा भाग १८ मिमी ठेवायचा. हातानं कापताना सुरी खाली घसरते. १८ मिमीच्या दोन लाकडी पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवून सुरी त्यांच्यावरून चालवली की दरवेळी सारखं. कापलेल्या बाजूला ५-५ ग्रॅम लोणी, १८० अंशांच्या तव्यावर पाऊण मिनिट, तांबूस रंग येईपर्यंत. बाहेरची बाजू तव्याला लावायची नाही, कवच कडक होऊन दाबल्यावर तडकतं.

कच्चा, नुसता भाजलेला आणि लोणी लावून भाजलेला, असे तीन खालचे भाग घेतले. प्रत्येकावर तोच ऐवज, पंधरा मिनिटं डब्यात. कच्च्यानं ६ ग्रॅम पाणी घेतलं, नुसत्या भाजलेल्यानं ४, लोण्याच्या थरानं २.

क्रम : बन, ८ ग्रॅम सॉस पातळ पसरून, कांदा, पॅटी-चीज, बिया काढलेला टोमॅटो, आयत्या वेळी कालवलेला कोबी, पुन्हा थोडा सॉस, वरचा बन. कोबी पॅटीच्या खाली ठेवून रस अडवायचाही प्रयत्न केला. रस अडला, पण गरम पॅटीखाली कोबी मिनिटभरात मऊ पडून स्वतःच पाणी सोडतो. कांदा त्या जागी टिकतो. कांद्याच्या चकत्या आधी दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून पुसून घेतल्या, उग्रपणा गेला. पॅटी जाळीवर दोन मिनिटं थांबवूनच बनावर.

डबा : झाकणाला ८ मिमीची दोन भोकं समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकच भोक असलं की वाफ फिरत नाही. बर्गर बटर पेपरात गुंडाळला तर वरून उघडा ठेवायचा. फ्राइज त्याच डब्यात कोंबणं म्हणजे दोघांचंही वाटोळं. राजारामपुरी ते रंकाळा, पावसात, दुचाकीवर, अठरा मिनिटं. उघडलं तेव्हा वरचा बन किंचित ओलसर, खालचा उचलल्यावर सरळ राहिला.

२० जुलै, रविवार

बटाट्याची पॅटी. शुक्रवारपासून श्रावण, महिनाभर हीच चालणार.

बटाटा सालीसकट अख्खा उकडायचा. सोलून, कापून कुकरला लावला तर ५०० ग्रॅमचा ५३० भरला, म्हणजे ३० ग्रॅम पाणी पदरात. नवा बटाटा चिकट होतो, जुना घ्यावा. शीतगृहातून नुकताच निघालेला मात्र गोडसर असतो, तळताना आत शिजायच्या आधी बाहेर काळपट पडतो. तसा मिळाला तर काही दिवस घरात उघडा ठेवून मग वापरावा.

माप : उकडून, गार करून किसलेला बटाटा ५०० ग्रॅम, जाड पोहे कोरडे भाजून दळलेले ६०, उकडलेला कोरडा मटार ६०, आलं-मिरची वाटून २०, मीठ ८. आठ टिक्क्या, ८० ग्रॅमच्या, १२ मिमी जाड. पोह्यांच्या जागी ब्रेडचा चुरा घातला तरी बांधतो, पण पोहे पाणी जास्त धरतात. लेप : मैदा ६०, कॉर्नफ्लोअर २०, पाणी १३०. वर टोस्टचा जाडसर चुरा. फ्रीजमध्ये उघड्यावर ४० मिनिटं.

पहिल्या चार फुटल्या. कारणं दोन निघाली. लेप पातळ होता, कडेला नीट बसला नव्हता. आतली वाफ तिथूनच बाहेर पडते आणि मागोमाग बटाटा. कडा बोटानं लेपात फिरवून घेतल्यावर तो प्रकार थांबला. दुसरं तेलाचं. कढईत दीड लिटर तेल, १८० अंशांवर चार टिक्क्या एकदम सोडल्या तर तेल १५२ ला आलं. कवच धरायला वेळ लागतो, तोवर टिक्की तेल पिते आणि मऊ पडून फुटते. दोन-दोन सोडल्यावर १६८ च्या खाली गेलं नाही. साडेतीन मिनिटं, एकदाच उलटून.

२३ जुलै, बुधवार

दुकानात दुसरी खेप. या वेळी मागणी तोंडी : “मालक, बन आतल्या अंगानं लोणी लावून भाजा, आणि कोबी कोरडा द्या, मेयो वेगळा.” मालकांनी एकदा आमच्या काट्याकडं बघितलं आणि हसून भाजून दिलं. बन मात्र तसाच खाली घसरून कापलेला, १० मिमी.

पार्सल पंधरा मिनिटांनी : खालच्या भागानं ३ ग्रॅम पाणी घेतलेलं. मागच्या खेपेला सहा होतं. शेवटचा घास हातात आला. जाडी नीट असती तर आणखी एक ग्रॅम वाचला असता, असा अंदाज. पुढच्या खेपेला १८ मिमीच्या लाकडी पट्ट्यांची एक जोडी मालकांना नेऊन द्यायची आहे. उद्यमनगरातून सागाच्या कापून घेतल्या आहेत, तेल लावून वाळत ठेवल्या आहेत.

उद्या दीप अमावस्या. मटणाच्या दुकानांपुढं सकाळपासून रांगा असणार. यंत्र कोरडं करून, दोन जाळ्यांतून खिमा काढून द्यायला उद्या कुणाला सवड नाही. उरलेलं दीड किलो मटण आजच कापून, पुसून फ्रीजमध्ये ठेवलं आहे.